माठाच्या कुशीतलं खरबूज

मार्च निम्मा सरला की छत्रपती संभाजीनगरातल्या औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात आधी नाक थांबतं, मग पाय. मेथी-कोथिंबिरीचा ओला वास मागे पडतो आणि खरबुजाचा गोडसर दरवळ पुढे येतो. जाळीदार सालीची फळं हातगाडीवर रचलेली असतात, वर एक कापून ठेवलेलं. गिऱ्हाईक फळ उचलतं, बूड नाकाशी नेतं, अंगठ्यानं दाबून बघतं आणि विचारतं, "भैया, मीठा निकलेगा ना?" "शक्कर है शक्कर" हे उत्तर ठरलेलं. घरी नेऊन सुरी फिरवली की कधी साखर निघते, कधी काकडी.

यात हातगाडीवाल्याचा दोष नाही. खरबूज हे आंब्या-केळ्यासारखं अढीत गोड होणारं फळच नव्हे. केळ्यात पिष्ट साठलेलं असतं, तोडल्यानंतर त्याची साखर होत जाते. खरबुजाकडे अशी शिल्लक नसते. वेलाची पानं साखर तयार करतात, ती देठातून फळात उतरते, आणि पिकण्याआधीच्या शेवटच्या काही दिवसांत ती सर्वांत जोरात उतरते. देठ तुटला की आवक बंद. पुढे फळ मऊ पडेल, वास सुटेल, गोडी मात्र होती तेवढीच राहील. ट्रकचा प्रवास सोसावा म्हणून शेतकऱ्याला फळ थोडं आधी तोडावं लागतं. त्या राहिलेल्या दिवसांची गोडी शेतातच राहते. घरी वेल लावण्याचा सगळा मतलब या आठ-दहा दिवसांत आहे.

आता या शहरात कुणापुढे गच्चीवर खरबूज लावायची गोष्ट काढा. "प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला खरबुजं सुचतात?" प्रश्न रास्त आहे. शहराचं पाणी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडी धरणातून येतं आणि नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानं येतं. पाणी कधी येणार यावर या शहरात लोक लग्नाच्या तारखाही बेतत असतील, असं कुणी गमतीनं म्हटलं तर हसू येत नाही.

तरी हिशेब मांडून पाहावा. रोप लहान असताना त्याला दिवसाला लिटरभर पाणी पुरतं. वेल पसरल्यावर तीन लिटर, आणि एप्रिलच्या उन्हात फळं भरताना चार-पाच. शेवटचा आठवडा पाणी कमीच करायचं असतं. सगळं मिळून एका वेलाचा हंगाम साधारण दोनशे ते अडीचशे लिटरमध्ये निघतो, म्हणजे गच्चीच्या कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमाएवढ्या पाण्यात. मोटार धुताना एका महिन्यात याहून जास्त पाणी रस्त्यावर वाहतं. अडचण पाण्याच्या मापाची कमी आणि ते कसं मिळतं याची जास्त आहे. खरबुजाला आज बादलीभर आणि मग चार दिवस काहीच नाही, हा नळाचा न्याय मानवत नाही. कोरड पडलेल्या वेलाला एकदम पाणी मिळालं की आतला गर फुगतो, सालीला तेवढं ताणता येत नाही आणि फळ तडकतं.

यावरचा उतारा दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात चीनमध्ये फान शेंगझी नावाच्या कृषितज्ज्ञानं शेतीवर पुस्तक लिहिलं. मूळ ग्रंथ हरवला, पण नंतरच्या पुस्तकांतून त्याचे उतारे टिकले. त्यात मातीचं भांडं जमिनीत पुरून त्याच्या चारी बाजूंना बिया लावण्याची रीत दिली आहे. भांड्याचं तोंड जमिनीला समतल, वर झाकण, आणि आत पाणी सतत भरलेलं. पीक कोणतं? खरबूजवर्गातलंच फळ. आपल्याकडे हीच पद्धत मडका सिंचन म्हणून ओळखली जाते. ज्या शहरानं मलिक अंबरच्या नहरीतून, भाजलेल्या मातीच्या नळांतून, पाणी पिण्यात शतकं काढली, त्याला मातीच्या भांड्याचं कौतुक नव्यानं सांगायची गरज नसावी.

माठ पाझरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जमिनीत पुरल्यावर तो स्वतःहून कमी-जास्त पाझरतो, ही खरी गंमत. भोवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी ओढून घेते. ओली असेल तर ओढ कमी होते आणि पाझर मंदावतो. वेलाच्या मुळ्या माठाला जाळीसारख्या वेढून बसतात. वरची माती कोरडी राहिल्यानं तण कमी, बाष्पीभवन कमी, आणि पानांवर पाणी पडत नाही, हा मोठा फायदा.

त्यासाठी नवा माठ हवाच असं नाही, पण जुना तपासून घ्यावा. "माठ आता पाणी गार करत नाही" म्हणून घरोघरी दरवर्षी माठ बदलले जातात. बोअरच्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. जो पाणी गार करत नाही तो मातीतही पाझरत नाही. माठ भरून रात्रभर सावलीत ठेवावा. सकाळी बाहेरून ओलसर लागला तर तो कामाचा. रंग दिलेला, चकचकीत केलेला माठ घेऊ नये. तीन-चार लिटरचा, रुंद बुडाचा, साधा लाल किंवा काळा माठ उत्तम. लहान रोपांसाठी तर संक्रांतीची सुगडं आहेतच. वाण लुटून झालं की ती कोपऱ्यात पडून राहतात, आणि नेमकी तीच खरबूज लावण्याची वेळ असते.

मराठवाड्यात घरगुती लागवडीला संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंतचा काळ चांगला. त्याआधी रात्री गार असतात. खरबुजाचं बी गारठ्यात रुसून बसतं, पंचवीस-तीस अंशांची ऊब मिळाली की चार-पाच दिवसांत उगवतं. जुन्या पद्धतीनं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि पुरचुंडी उबदार जागी ठेवायची. मोड दिसला की कागदी पेल्यात, दीड-दोन सेंटिमीटर खोल. खरबुजाच्या मुळांना हलवलेलं सोसत नाही, म्हणून तीन पानं फुटताच पेल्यासकट रोप जागेवर बसवावं आणि पेल्याचं बूड कापून टाकावं.

जागेवर म्हणजे कुठे, हा औरंगपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत महत्त्वाचा प्रश्न आहे. पंधरा इंच रुंद आणि तेवढ्याच उंच ग्रो बॅगमध्ये जेमतेम त्रेचाळीस लिटर माती मावते. ओली झाल्यावर ती पिशवी पन्नास किलोच्या पुढे जाते. अठरा इंची पिशवी तर पंचाहत्तर लिटरची, म्हणजे भरल्यावर एका धडधाकट माणसाहून जड. जुन्या वाड्याच्या माळवदावर असल्या चार पिशव्या मांडण्याचा विचारही करू नये. सिमेंटच्या गच्चीवरही त्या कडेला, भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवाव्यात आणि खाली विटा द्याव्यात. एप्रिलमध्ये स्लॅब तव्यासारखा तापतो. विटांच्या फटीतून हवा खेळली नाही तर मुळं खालून भाजतात.

माती भरताना आपल्याकडची काळी माती नुसती घालण्याचा मोह होतो. शेतात ती सोनं असते, पिशवीत तिची वीट होते. ओली असताना चिखल, वाळली की भेगा. खरबुजाला काय आवडतं हे बघायचं तर गोदावरीकडे बघावं.

पावसाळा संपून नदी आटली की गोदावरीच्या पात्रात पूर्वी वाळूचे पट्टे उघडे पडत आणि तिथे टरबूज-खरबुजाच्या वाड्या लागत. वाळूत खोल चर खणायचे, तळाशी शेणखत घालायचं, बी टाकायचं आणि थंड वाऱ्याला गवताचा आडोसा करायचा. वर वाळू तापलेली आणि खाली ओलावा: वेलाची मुळं तो ओलावा शोधत जात. भोई समाजानं महाराष्ट्रातल्या अनेक नद्यांच्या पात्रांत ही शेती पिढ्यान् पिढ्या केली. 1976 मध्ये जायकवाडीचं लोकार्पण झालं, पुढे ठिकठिकाणी बंधारे आले आणि वाळूचा उपसा वाढला, तशा वाड्या आक्रसत गेल्या. विदर्भात या वाड्यांना डांगरवाड्या म्हणतात, कारण तिथे डांगर म्हणजे खरबूज. तोच शब्द नाशिक-खानदेशात लाल भोपळ्याला, आणि पापडाचं पीठ मळणाऱ्या बायकांच्या तोंडी भलत्याच गोष्टीला. नागपूरच्या सुनेनं नाशकात डांगर मागितलं तर काय होईल, याची कल्पना करावी.

पिशवीत हीच वाडी उभी करायची. एक भाग पोयटा किंवा चाळलेली माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भरड वाळू किंवा कोकोपीट, आणि वर ओंजळभर निंबोळी पेंड. मधोमध माठ पुरायचा, त्याचं तोंड मातीवर दोन बोटं राहू द्यायचं आणि झाकण घट्ट बसवायचं, नाहीतर डासांची सोय होते. माठ आणि पिशवीची कड यांच्या मधल्या जागेत एक रोप, फार तर दोन. पहिले पंधरा दिवस मुळं माठापर्यंत पोचलेली नसतात, तोवर बुंध्याशी वरूनही थोडं पाणी द्यावं. मातीवर वाळला पाला किंवा उसाचं पाचट पसरावं.

चुलीची राख घालायचा सल्ला बरेच जण देतात. कोकणात तो ठीक आहे. आपली माती आणि बोअरचं पाणी मुळातच विम्लतेकडे झुकलेलं. त्यात राख पडली की लोह मुळांना मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं चित्र दिसतं. आरओ यंत्राचं बाहेर पडणारं पाणीही याच कारणानं नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त असतं. ते माठात ओतायला उत्तम.

जातींचं म्हणाल तर भारतात सरकारी संस्थांनी बऱ्याच चांगल्या जाती काढल्या आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का जीत, अर्का राजहंस, दिल्लीची पुसा शरबती, लुधियानाची हरा मधू. गच्चीवर लहान फळाची जात बरी. टरबूजच हवं असेल तर शुगर बेबी. शहरातच मुघल काळातली हिमायतबाग आहे, तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका चालते. माती-खताच्या शंका विचारायला अशी जागा जवळ असणं हे या शहराचं भाग्य. बाजारातल्या फळाचं बी जपून लावणारे हौशी पुष्कळ. ते फळ बहुधा संकरित वाणाचं असतं, त्याच्या बीपासून येणारं फळ आईबापांपैकी कुणावर जाईल याचा भरवसा नसतो.

रोप तीन-चार पानांचं असताना पहिला शत्रू येतो. तांबडे भुंगेरे, नखाएवढे, केशरी. एका सकाळीत ते कोवळ्या पानांची चाळण करतात. पहाटे गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा चिमटीत धरून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. त्याहून सोपं म्हणजे फुलं येईपर्यंत रोपावर जुनी मच्छरदाणी टाकून ठेवणं.

वेल हातभर झाला की बहुतेकांचा हात आखडतो. शेंडा खुडायचा असतो आणि खुडवत नाही. पण खरबुजाच्या मुख्य वेलावर सुरुवातीला नुसती नर फुलं लागतात. फळ धरणारी फुलं येतात ती बाजूच्या फांद्यांवर, पहिल्या-दुसऱ्या पेऱ्याशी. चौथ्या-पाचव्या पानानंतर शेंडा काढला की दोन जोमदार फांद्या फुटतात, त्यांच्या उपफांद्यांवर फळं. "महिना झाला, फुलं भरपूर येतात आणि गळून जातात" ही तक्रार घेऊन येणाऱ्याच्या वेलावर पाहावं, तर सगळी नर फुलं. ती गळणारच.

फळाचं फूल ओळखणं सोपं आहे. पाकळ्यांच्या मागे, देठाच्या टोकाला, वाटाण्याएवढी लवदार गाठ दिसते. ती म्हणजे भावी खरबूज. नर फुलाचा देठ सरळ, बिनगाठीचा. फूल एकच दिवस उमलतं आणि कामाची वेळ सकाळची. गच्चीवर फुलोरी माशा येत असतील तर हात लावायची गरज नाही. येत नसतील तर सहा ते नऊच्या दरम्यान ताजं नर फूल तोडावं, त्याच्या पाकळ्या सोलाव्यात आणि मधला पिवळा भाग फळाच्या फुलातल्या तीन पाळ्यांच्या कुक्षीवर हलकेच फिरवावा. बोटाला परागांची पूड लागली तर फूल ताजं आहे असं समजावं. दोन-तीन दिवसांत गाठ सुपारीएवढी झाली की फळ धरलं. पिवळी पडून सुरकुतली की पुन्हा प्रयत्न.

एका वेलावर दोनच फळं ठेवावीत, फार तर तीन. जपानच्या शिझुओका भागातले क्राऊन मेलन पिकवणारे शेतकरी अख्ख्या वेलावर एकच फळ ठेवतात. तिथला थाट आपल्याला परवडणारा नाही, पण त्यामागचा हिशेब आपलाच आहे: साखर पानं करतात, तिच्यात वाटेकरी जितके कमी तितकं फळ गोड. म्हणून फळ धरल्यावर पानं खुडायची नाहीत. वेल मांडवावर किंवा कठड्याच्या जाळीवर चढवला तर प्रत्येक फळाला झोळी द्यावी. कांद्याच्या पिशवीची जाळी यासाठी नामी.

निरोगी वेल म्हणजे शेवटपर्यंत हिरवी राहिलेली पानं, आणि पानांचा मोठा वैरी भुरी. पानावर पिठी साखर भुरभुरल्यासारखे डाग येतात, आठवड्यात पान करपतं, आणि फळ मोठं असूनही पाणचट निघतं. दाट वेलीत, दिवसा कोरडी हवा आणि रात्री दमटपणा असताना ती फोफावते. गंधकाची फवारणी सर्रास सुचवली जाते, पण काकडीवर्गातल्या वेलांना कडक उन्हात गंधक भाजतं. ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेत्तिओल यांनी 1999 मध्ये काचगृहातल्या झुकिनीवर पाणी मिसळलेल्या गाईच्या दुधाची फवारणी केली आणि भुरी चांगलीच आटोक्यात आल्याचं प्रसिद्ध केलं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा-दोनदा. सुरुवातीच्या डागांवर उपयोग होतो; वेल पांढरा झाल्यावर दूध चहात घालावं. फवारणी दुपार उतरल्यावर करावी, म्हणजे माशांना त्रास होत नाही आणि अंधार पडायच्या आत पानं सुकतात. पानं आकसली, त्यांवर पिवळ्या-हिरव्या ठिगळांची नक्षी उमटली, तर तो विषाणू. त्याला औषध नाही. वेल उपटून पिशवीत बांधून टाकावा आणि मावा-पांढरी माशी बाकीच्या वेलांवर आहे का ते पानांखाली बघावं.

फळमाशीचं गणित वेगळं. ती लिंबाएवढ्या फळाला नांगी मारून आत अंडी घालते; वरून ठिपका, आत अळ्या. या टप्प्यावरच फळाला कागदी किंवा कापडी पिशवी बांधली की प्रश्न मिटतो. कामगंध सापळा घ्यायचा तर दुकानात क्यू ल्यूर मागावा. आंब्याच्या माशीसाठीचा मिथाइल युजेनॉल इथे चालत नाही, आणि दुकानदार बरेचदा तोच हातात देतात. डंख झालेलं फळ कंपोस्टात मुळीच टाकू नये.

शेजारच्या कुंडीत काकडी असली तर खरबूज बेचव होतं, असा एक समज घट्ट आहे. काकडी आणि खरबूज यांच्या जाती वेगळ्या, काकडीची गुणसूत्रं चौदा आणि खरबुजाची चोवीस. त्यांचा संकर होतच नाही. कोकणातला चिबूड मात्र खरबुजाचा सख्खा भाऊ, आणि बढाईखोर भित्र्याला ज्याचं नाव आपण देतो तो शेंदाडही त्याच घरातला. त्यांचा संकर होतो, पण परिणाम पुढच्या वर्षीच्या बीवर दिसतो, यंदाच्या फळावर नाही. बेचव खरबुजाचं कारण बहुतेक वेळा माणसाच्या हातातल्या झारीत सापडतं.

फळ धरल्यापासून साधारण तीस-पस्तीस दिवसांनी सालीवरची जाळी उठावदार होते आणि जाळीखालचा हिरवा रंग पिवळट होऊ लागतो. इथे माठ भरणं कमी करायचं. वेल दुपारी थोडा मलूल दिसेल, सकाळी ताजा असेल तर काळजी नको. एप्रिलचं ऊन बेचाळीसकडे गेलं तर बारा ते चार फळांवर जुनी ओढणी टाकावी, नाहीतर साल भाजते. मग रोज देठाकडे बघायचं. देठ जिथे फळाला मिळतो तिथे बारीक गोल भेग पडते. ती पूर्ण फिरली की फळ नुसतं अंगठ्यानं लोटलं तरी हातात येतं, ओढावं लागत नाही. ओढावं लागलं तर अजून दोन दिवस.

पैशांचा हिशेब करणाऱ्यानं या फंदात पडू नये. दोन वेलांवर चार फळं, प्रत्येकी पाऊण-एक किलो. बाजारात ती याहून स्वस्त पडतात. पण देठावर पिकलेलं फळ कापल्यावर घरभर जो वास सुटतो, तो हातगाडीवर मिळत नाही. बाबरानं हिंदुस्थानात एक खरबूज कापलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तो स्वतः लिहून गेला आहे. पुढे आग्ऱ्याच्या बागेत त्यानं बल्खच्या माळ्याकडून खरबुजं लावून घेतली.

संक्रांतीच्या सुमारास भिजत घातलेलं बी अक्षय तृतीयेच्या आगेमागे फळाला येतं. खानदेशात त्या दिवशी, आखाजीला, पितरांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात आणि तिच्यावर खरबूज ठेवतात.